तेलाचा ताप

रत्नागिरीत कोणाच्या गाडीचं बोनेट उघडं दिसलं, की ग्रामसभेला जमत नाहीत इतकी माणसं पाच मिनिटांत तिथे जमतात. येणारा प्रत्येक जण हात पाठीमागे बांधतो, वाकून आत बघतो, 'हं' म्हणतो आणि मग गाडी कोणाची ते विचारतो. निदान आधी, रोग्याची ओळख मागाहून. अशा गावात माझ्या भाच्याने पुण्याहून एक जुनी टर्बो-पेट्रोल गाडी आणली आणि तिला ऑइल कूलर कोणता बसवावा, हा प्रश्न भर पडवीत विचारला. त्या दिवसापासून आमच्याकडे चहापत्ती दुप्पट लागते.

गाडीचं इंजिन दोन लिटरचं. कारखान्यातून निघाली तेव्हा 190 अश्वशक्तीची. ती ताकद माणसाला पुरायला हरकत नव्हती, पण भाच्याने तिच्या संगणकात फेरफार करून घेतला. ही मुलं त्याला रिमॅप म्हणतात. घोडे झाले 250. आता एवढे घोडे रत्नागिरीत आणून बांधायचे कुठे, हा विचार मात्र राहून गेला. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं, तेव्हा हा पाढे घोकत होता. आता तो टर्बोचा दाब बारमध्ये मोजतो, आणि महामार्गावर अजून 'पुढे वळण रस्ता, वाहने सावकाश हाका' ही पाटी भेटते. पाटी लावणाऱ्यालाही आता तिथे पेन्शन लागू झाली असेल.

"मामा, ताकद वाढवली म्हणजे तेल तापणार. तेल तापलं की पातळ होणार, पातळ झालं की बेअरिंग जाणार," भाचा म्हणाला. हे बरोबर होतं. चूक एवढीच झाली की तो हे मोठ्याने म्हणाला.

शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "तापतंय म्हणजे तेलात खोट आहे. महाग तेल घाल." समोरचे बागायतदार म्हणाले, "सगळ्यात मोठा असेल तो घे. कलमं आणि यंत्रं घेताना चिकटपणा करू नये." मेव्हण्यांनी बंपरच्या जाळीतून आत बोट दाखवलं आणि म्हणाले, "अरे, हा बसवलेला आहे की कंपनीनं. परत दुसरा कशाला?" तो इंटरकूलर होता. टर्बोने दाबून गरम झालेली हवा तो थंड करतो, तेलाशी त्याचा संबंध नाही. हे सांगितल्यावर मेव्हणे म्हणाले, "तेच म्हणतोय मी." आणि भाच्याची आई, म्हणजे माझी बहीण, स्वयंपाकघरातून ओरडली, "हळू चालव, म्हणजे काही तापायचं नाही." शास्त्राच्या कसोटीवर त्या दिवशीचा सगळ्यात अचूक सल्ला हाच होता, म्हणून तो कोणीच मनावर घेतला नाही.

टर्बो ही वस्तू मुळात फुकटेपणाची आहे. इंजिनाच्या धुराड्यातून उष्णता वायाच जाते. त्या धुराने एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने जास्तीची हवा इंजिनात कोंबायची, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी यांची. त्यांचं पेटंट 1905 सालचं. टाकाऊतून टिकाऊ करण्याची ही वृत्ती पाहता या गृहस्थांचं आजोळ कोकणात असावं, अशी मला शंका आहे. तर तो दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. त्याच्या एका टोकाला पेट्रोल इंजिनाचा 900 अंशांच्या आसपासचा धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा, आणि मध्ये त्याला सांभाळायला तेलाचा केसाएवढा थर. शिवाय अशा इंजिनांत पिस्टनच्या पोटावर खालून तेलाचे फवारे मारलेले असतात, तेही उष्णता उचलायला. म्हणजे तेलाला वंगण हे एकच काम उरलेलं नाही. ते पाणक्या आहे, हमाल आहे आणि प्रसंगी अग्निशामक दलही आहे. हे सगळं करून ते खाली चेंबरमध्ये येऊन पडतं, की पंप त्याला पुन्हा उठवून वर पाठवतो.

या तेलाचा स्वभाव मात्र समजून घेण्याजोगा आहे. डब्यावर '5 डब्ल्यू 40' लिहिलेलं असतं, त्यातला 40 हा दाटपणा 100 अंशांवर मोजलेला असतो. म्हणजे तेल शंभरीला पोचावं, हे ते बनवणाऱ्यांनीच गृहीत धरलेलं आहे. चेंबरमध्ये 90 ते 110 अंश असले तर तेल सुखात असतं. चांगलं सिंथेटिक तेल 120-130 पर्यंतही कुरकुर करत नाही. 140 च्या पुढे गेलं की ते भराभर जुनं होतं, काळं पडतं, पातळ होतं. उलट 80 च्या खालीच घोटाळत राहिलं, तर इंजिनात साचलेला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही आणि फिलरच्या झाकणाखाली दुधी रंगाचा चिखल धरतो. म्हणजे तेल थंड असणं हा काही गुण नव्हे. हे वाक्य मी पडवीत दोनदा उच्चारलं. दोन्ही वेळा बागायतदार म्हणाले, "ते असू द्या, पण मोठाच घ्या."

उष्णता इकडून तिकडे द्यायची, पण दोन प्रवाह एकमेकांत मिसळू मात्र द्यायचे नाहीत, हे हीट एक्स्चेंजरचं तत्त्व. ते रत्नागिरीकरांना नवीन नाही, कारण इंग्रजांनी ते आपल्यावर वापरून पाहिलेलं आहे. 1886 साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला त्यांनी रत्नागिरीत आणून ठेवलं. आणि 1908 साली रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना उचलून थिबाच्या मंडालेला नेऊन ठेवलं. टिळक 1914 ला सुटले, थिबा 1916 ला इथेच वारला. म्हणजे सहा वर्षं मंडालेचा माणूस रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा मंडालेत, दोन प्रवाह उलट दिशांचे आणि मध्ये साम्राज्याची भिंत. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला काउंटरफ्लो म्हणतात आणि उष्णता काढायला हाच प्रकार सगळ्यात कार्यक्षम मानतात. पुढे 1924 पासून 1937 पर्यंत सावरकरांनाही याच जिल्ह्यात ठेवलं. कुठे काही तापलं की रत्नागिरीला धाडायचं, असा सरकारी शिरस्ताच असावा. थिबा सोडला तर यांतलं कोणी थंड झालेलं दिसत नाही. टिळक तर मंडालेत 'गीतारहस्य' लिहून आले. तेव्हा कूलर निवडताना नुसता आकार बघू नये, हा धडा इंग्रजांनाही उशिरा मिळालेला आहे.

भाच्याच्या गाडीत कंपनीचा एक कूलर होताच. तो दिसत नाही म्हणून त्याची गणना होत नाही. फिल्टरच्या बुडाशी मुठीएवढी एक ठोकळी असते, तिच्यात एका बाजूने तेल आणि दुसऱ्या बाजूने रेडिएटरचं पाणी फिरतं. रोजच्या गाडीसाठी याहून शहाणी योजना मला दिसलेली नाही. सकाळी पाणी लवकर गरम होतं आणि तेलाला हात देऊन वर आणतं. दुपारी तेल जास्त तापलं तर पाणी त्याची उष्णता पत्करतं. दोष एवढाच की दोघं एकाच संसारात आहेत. पाणीच तापलं तर तेलाने कोणाकडे बघायचं? शर्यतीच्या ट्रॅकवर वीस मिनिटं गाडी पिळली की हे घडतं. म्हणून मग बंपरमागे हवेवर थंड होणारा वेगळा कूलर बसवतात.

इथून पुढे बाजार सुरू होतो. हे कूलर ओळींवर विकले जातात. 10 ओळींचा, 13 चा, 16 चा, 19 चा, 25 चा, 34 चा. भाच्याचा जीव 34 वर. मोबाइलवर त्याचं चित्र दाखवताना त्याचा आवाज मुलगी दाखवावी तसा हळवा झाला होता. नळ्या आणि पापुद्रे असलेला साधा प्रकार स्वस्त पडतो. एकावर एक पट्ट्या रचलेला प्रकार महाग, पण तेवढ्याच जागेत जास्त काम करतो आणि मारही जास्त सोसतो. नावाजलेल्या कंपन्यांच्या हुबेहूब नकला निम्म्याहून कमी पैशांत मिळतात. बाहेरून जुळे भाऊ. आतून तेल वाहायच्या वाटा कशा आहेत, ते कापल्याशिवाय कळत नाही आणि कापल्यावर कळून उपयोग नाही.

मोठ्या कूलरची गंमत अशी की तेलाला तेवढा प्रवास जास्त. वाट अरुंद असेल तर दाब वाटेतच खर्च होतो आणि बेअरिंगपर्यंत पोचतं ते थंडगार, पण दमलेलं तेल. होज बारीक असले तर विचारूच नका. शिवाय फिल्टर आणि इंजिन यांच्या मध्ये एक चकती बसवून तेल बाहेर काढतात. दोन सांधे तिथे, दोन कूलरपाशी. चार सांधे म्हणजे गळायच्या चार नव्या जागा. घराच्या कौलांत गळती शोधण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या माणसांनी आपण होऊन आणखी चार विकत आणाव्यात?

आता आमची हवा. पडवीतल्या सगळ्यांचं एकमत झालेला एकमेव मुद्दा म्हणजे, 'इथल्या दमट हवेत कूलर जास्त मोठा लागणार.' हे कानाला इतकं खरं वाटतं की खोटं आहे म्हणताना जड जातं. दमटपणाचा त्रास घाम येणाऱ्याला. घाम वाळत नाही म्हणून आपण मे महिन्यात पंख्याखाली शर्टाची बटणं काढून बसतो. कूलरला घाम येत नाही. त्याला फक्त दोन आकडे कळतात, तेल किती तापलंय आणि हवा किती तापलीय. तेल 120 वर आणि रत्नागिरीची हवा 33 वर असेल, तर फरक 87 अंशांचा. हीच गाडी उन्हाळ्यात चंद्रपूरला 46 अंशांत नेली तर फरक उरतो 74. म्हणजे तोच कूलर तिथे साधारण 15 टक्के कमी काम करील. चंद्रपूरकरांनी तक्रार केली तर मी समजू शकतो. आपण उगाच रडतो आहोत.

रत्नागिरीची खरी दुखणी वेगळी आहेत. पहिलं म्हणजे जांभा. चिऱ्याचे ट्रक जातात त्या रस्त्यांवरची तांबडी धूळ कूलरच्या पापुद्र्यांत शिरते, वर पहिल्या पावसाचं पाणी पडतं आणि त्याचं लिंपण होतं. मग 34 ओळी काय आणि 10 काय, हवा आत जाईल तर ना. दुसरं म्हणजे खारं वारं. ॲल्युमिनियमच्या कूलरला लोखंडी पट्टीने आवळून मांडवी-भाट्याच्या वाऱ्यात ठेवला, तर पट्टीच्या कडेला पांढरी भुकटी धरू लागते. मध्ये रबर घालावं, स्टेनलेसचे नट वापरावेत. तिसरं म्हणजे पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर जिथे कोसळतो, तिथे चार महिने हा कूलर बंपरमध्ये बसून नुसता आंघोळ करणार. तेल 70 अंशांवर कुडकुडत राहील आणि तो दुधी चिखल ठरलेला. त्यामुळे चकतीत थर्मोस्टॅट असलाच पाहिजे. तेल 80-85 अंशांना पोचेपर्यंत तो कूलरची वाट जवळजवळ मिटून ठेवतो. ओळी किती घ्यायच्या यावर मी वाद घालायला तयार आहे. थर्मोस्टॅटवर नाही.

आणि चौथं दुखणं, गतिरोधक. आमच्याकडे गतिरोधक हा रस्त्याचा भाग नसून गावाच्या स्वाभिमानाचा भाग असतो. चेंबर फुटल्याच्या कथा प्रत्येक घरात आहेत. कूलर बंपरच्या तळाशी लोंबकळत ठेवला तर त्याची गाठ आधी गतिरोधकाशी, हवेशी नंतर. तो वर रेडिएटरच्या पुढे ठेवला, तर त्याची गरम हवा रेडिएटरच्या तोंडावर. तेल वाचवता वाचवता पाणी तापायचं. चाकाच्या पुढे, बंपरच्या कोपऱ्यात, हवेला आत आणि बाहेर जायला नीट वाट करून ठेवला तर त्यातल्या त्यात बरं. पण तिथे काम नाजूक, आणि बाहेरून कूलर दिसत नाही. भाच्याचा चेहरा पडला तो इथे.

शेवटी मी त्याला मिरकरवाड्यात घेऊन गेलो. बंदरावर ट्रॉलरची इंजिनं उघडणारे एक मिस्त्री माझ्या ओळखीचे आहेत. ऑइल कूलर या विषयात रत्नागिरीत अधिकारवाणीने बोलू शकणारी माणसं बंदरावर आहेत, हे शहरातल्या गाडीवाल्यांच्या लक्षातच येत नाही. ट्रॉलरचं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की तासन्‌तास एकाच ओझ्याखाली चालतं. त्याला ना उतार, ना सिग्नल. पण कूलरला हवेची मिनतवारी करावी लागत नाही, खाली अख्खा अरबी समुद्र आहे. खाऱ्या पाण्याने आतल्या नळ्या खाऊ नयेत म्हणून वाटेत जस्ताचा तुकडा ठेवतात. समुद्र आधी तो खातो. झिजला की नवा घालायचा. आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कूलर उघडून नळ्या सळईने साफ करायच्या.

मिस्त्रींनी भाच्याचं सगळं ऐकून घेतलं. 34 ओळी, होजचा नंबर, थर्मोस्टॅट, बारचा दाब. मग पान्यावरचं तेल चिंधीला पुसत विचारलं, "आता किती तापतंय?"

भाचा गप्प.

"म्हंजे तेल किती तापतंय, ते बघितलंव नाय?"

"नाही... पण तापत असणारच ना."

"ताप न मोजता गोळी देताय व्हय?" मिस्त्री म्हणाले आणि परत इंजिनात वाकले. एवढ्या दिवसांत, एवढ्या चहात, हा प्रश्न विचारणारे ते पहिले. मत द्यायला पडवी पुरते. आकडा हवा असेल तर उठून गाडीपर्यंत जावं लागतं.

आता ते काही अवघड नव्हतं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात एक छोटी डबी खोचली की पुष्कळ गाड्या तेलाचं तापमान मोबाइलवर दाखवतात. आम्ही निघालो. मारुती मंदिर ते साळवी स्टॉप, दुपारी, गर्दीत : 92. आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळे : 95, आणि तेही गाडी उभी करून फोटो काढण्याआधी. हातखंब्यापर्यंत 97. भाचा अस्वस्थ व्हायला लागला. ताप नाही म्हणून हिरमुसलेला रोगी मी प्रथमच पाहत होतो.

उरला आंबा घाट. मे महिना, बाराचं ऊन, एसी चालू, गाडीत चार माणसं आणि कोल्हापूरच्या नातेवाइकांसाठी चार पेट्या हापूस. साखरपा सोडल्यावर भाच्याने सगळे 250 घोडे मोकळे सोडले, म्हणजे पुढचा ट्रक येईपर्यंत. मग पुन्हा सोडले, पुन्हा ट्रक. मेव्हणे मागच्या सीटवरून आकडे ओरडून सांगत होते, जणू मतमोजणी चालली आहे. "एकशे आठ! एकशे चौदा! एकशे एकोणीस!" माथ्यावर 121. आंब्याच्या टपरीवर भजी येईपर्यंत 100 च्या खाली. परत येताना उतारच, त्यामुळे तेल आणि भाचा दोघंही थंड.

म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात, भर उन्हाळ्यात, सगळ्यात वाईट चढावर, वाढवलेल्या ताकदीनिशी, कंपनीची ती मुठीएवढी ठोकळी पुरून उरत होती. त्याहून जास्त तेल तापवायचं तर रस्ता लागेल, आणि तो आमच्याकडे बनतो आहे.

"पण कधी कोइमतूरच्या ट्रॅकवर नेली तर?" भाचा म्हणाला. हा प्रश्न रास्त होता. कारी स्पीडवेवर सलग फेऱ्या मारल्या तर 140 दिसायला वेळ लागणार नाही. तेव्हा तह झाला. 34 रद्द. पट्ट्या रचलेला 16 ओळींचा, अस्सल, थर्मोस्टॅटच्या चकतीसह. तोंडं वरच्या अंगाला ठेवायची, म्हणजे आत हवा अडकत नाही. पुढे बारीक जाळी, धुळीसाठी आणि दगडांसाठी. तेल बदलताना कूलर आणि होजमधलं जास्तीचं तेल हिशेबात धरायचं. काकांनी तेवढ्यात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढलं. गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली त्यावर शिक्कामोर्तबही केलंय, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि विषय कूलरच्या रंगावर गेला. काळा, असं ठरलं.

पार्सल जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं. भाचा ते घेऊन गॅरेजमध्ये गेला तर तिथले मिस्त्री म्हणाले, बंपर उतरवून उघड्यावर काम करायचं, हा पाऊस, गणपती झाले की बघू. गणपतीत त्यांचा चाकरमानी भाऊ आला, तो गौरी गेल्या तरी जाईना. मग नवरात्र. मग दिवाळीत मुंबईच्या गाड्या दुरुस्तीला रांगेत. थंडीत मिस्त्री स्वतः म्हणाले, "आता कशाला? आता कुठे तापतंय?" फेब्रुवारीत आंब्याचे पिकअप यायला लागले. वाशीला पेट्या नेणारी गाडी सोडून कोणी तुमच्या शौकाच्या गाडीला हात लावेल का? भाच्याने परवा पुन्हा फोन केला. मिस्त्री म्हणाले, "पालखी घरी येऊन जाऊ दे. शिमगो झाला की पयली तुमचीच."

कूलर सध्या आमच्या पडवीत, खोक्यातून काढून ठेवलेला आहे. येणारा प्रत्येक जण हात पाठीमागे बांधून तो बघतो आणि म्हणतो, "जरा लहान वाटतो, नाही?"